आरटी-पीसीआरमधला ‘आरटी’ : आरएनए वाचायला रसायनं कशी निवडतात?



दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. फळ्यावर मी नेहमीचे बाण काढले. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. पहिल्या बाणावर लिहिलं प्रतिलेखन, दुसऱ्यावर भाषांतरण. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, कोरोनाच्या आरटी-पीसीआरमधला आरटी म्हणजे रिअल टाइम ना?” तास संपत आला होता. मी “हो” म्हणून मोकळी झाले.

उत्तर अर्धवट होतं. त्या चाचणीत रिअल टाइमही असतं, म्हणजे यंत्र प्रत्येक फेरीनंतर किती प्रकाश वाढला ते जागच्या जागी मोजत जातं. पण नावातला ‘आरटी’ हा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे उलट्या प्रतिलेखनाचा. मी फळ्यावर जो बाण काढला होता, नेमका त्याच्या उलटा. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुलांना त्यात फार मजा वाटली.

हे इथंच थांबलं असतं. पण त्याच आठवड्यात पालकसभा होती. आमचं कापूरहोळ म्हणजे पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं सातारा रस्त्यावरचं गाव. इथून एक रस्ता भोरला फुटतो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. हायवेचं गाव असल्यामुळे २०२० साली आजाराची बातमी आणि आजार दोन्ही आमच्याकडे लवकर पोचले. सभेत विषय निघाला तसे एक वडील म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवा काय शिकवायचं ते. पण त्या टेस्टवर माझा काय विश्वास नाय. आमच्या आबांची आधी निगेटिव्ह आली, तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. तवर आबा नातवंडांच्या पंगतीत बसून जेवत होते.”

त्यांना उत्तर देणं मला त्या दिवशी जमलं नाही. “होतं असं कधी कधी” हे काही उत्तर नव्हे. नंतर आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी मदतीला आली. ती पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते आणि तिच्यावरही याच उलट्या बाणाने एक प्रसंग आणला होता. तिच्याकडून जे शिकले आणि मग पुस्तकांतून ताडून पाहिलं, ते आज लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मोडी कागद आणि बाळबोध छापखाना

भोर हे जुनं संस्थान. आमच्या भागातल्या कित्येक घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद निघतात. जमिनीचा निवाडा, देण्याघेण्याची टिपणं. पूर्वी ग्रंथ लिहायचा तो बाळबोधीत, आणि रोजचा व्यवहार भराभर लिहायचा तो मोडीत.

पेशीतही जवळपास अशीच सोय आहे. डीएनए हा जपून ठेवलेला बाळबोध ग्रंथ. आरएनए हे त्यातल्या एखाद्या पानाचं, आज काम करायला लागणारं मोडी टिपण. काम झालं की टिपण फाडून टाकायचं. म्हणून पेशीत कोणतं काम चालू आहे हे बघायचं असेल तर ग्रंथ उघडून फायदा नाही, टिपणं बघावी लागतात. भाताच्या मुळात आणि पानात डीएनए एकच असतो, आरएनए मात्र वेगवेगळे. आणि कोरोना, डेंग्यू, गोवर यांच्या विषाणूंकडे तर ग्रंथच नाही, त्यांचं सगळं दप्तर आरएनएचं.

आता अडचण अशी, की आपल्याकडचा छापखाना, म्हणजे पीसीआर, फक्त बाळबोधच छापतो. पीसीआरमध्ये वापरलं जाणारं नेहमीचं विकर डीएनएच्याच प्रती काढतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, दहा फेऱ्यांत १०२४. पण त्याच्या पुढ्यात आरएनए ठेवला तर ते ढिम्म. म्हणून आधी कुणीतरी मोडी वाचणारा जाणकार बसवायचा, टिपणाचं बाळबोधीत लिप्यंतर करून घ्यायचं आणि मग ते छापखान्यात द्यायचं. हे लिप्यंतर म्हणजेच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. तयार होणाऱ्या प्रतीला सीडीएनए म्हणतात.

इथं एक गोष्ट वर्गात ठासून सांगावी अशी आहे. छापखाना कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे जे पान पोचलंच नाही ते तो छापणार कुठून? शंभर टिपणांपैकी दहाच लिप्यंतर झाली, तर पीसीआर त्या दहांच्याच कोट्यवधी प्रती काढील. नव्वद गेली ती गेली. आलेखावर हा फरक सुमारे ३.३ फेऱ्यांच्या उशिराने दिसतो (दोनाचा ३.३ वा घात साधारण दहा). नमुन्यात विषाणू भरपूर असतील तर एवढ्या उशिराने काही बिघडत नाही. पण मुळात चार-पाचच असतील तर? तर एकही लिप्यंतर न होण्याची शक्यता खरी आहे, आणि अहवालावर ‘निगेटिव्ह’ येतं.

हा जाणकार आला कुठून

डीएनएकडून आरएनएकडेच माहिती जाते, असं बरीच वर्षं शिकवलं जात होतं. अमेरिकेतल्या हॉवर्ड टेमिन यांनी १९६४ पासून सांगायला सुरुवात केली की कोंबड्यांत गाठी करणारा एक आरएनए विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःची डीएनए प्रत तयार करत असला पाहिजे. फारसं कुणी मानलं नाही. १९७० मध्ये टेमिन यांनी सातोशी मिझुतानी यांच्याबरोबर, आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे, ते काम करणारं विकरच विषाणूंच्या कणांत दाखवून दिलं. दोघांचे निबंध एकाच अंकात शेजारी शेजारी छापले गेले. १९७५ च्या नोबेल पुरस्कारात रेनातो दुल्बेको यांच्याबरोबर हे दोघेही होते.

गंमत बघा. विषाणू शोधायला आपण जे विकर वापरतो ते विषाणूंकडूनच घेतलेलं आहे. आजही प्रयोगशाळेत मुख्य दोन घराणी चालतात. एक पक्ष्यांच्या विषाणूचं, त्याला एएमव्ही म्हणतात. दुसरं उंदराच्या विषाणूचं, एम-एमएलव्ही. (एचआयव्हीकडेही असंच विकर असतं. टेनोफोव्हिरसारखी औषधं त्यालाच अडवतात. हे मुलांना सांगितलं की विषय एकदम घरातला वाटतो.)

विकर निवडताना

आरएनए हा एकपदरी असल्यामुळे स्वतःवरच दुमडतो. उन्हात वाळत टाकलेल्या दोरीला पीळ पडून जशा गाठी बसतात, तशा त्याला जागोजागी बसतात. लिप्यंतर करणारं विकर अशा गाठीपाशी अडखळतं आणि काम सोडून देतं. तापमान वाढवलं की गाठी सैल होतात, पण साधं एम-एमएलव्ही सुमारे ३७ अंशांवर काम करणारं. जास्त तापवलं तर तेच गळून पडतं. एएमव्ही ४२ अंश आणि त्याहून थोडं वर चालतं, पण त्याच्यात एक खोड मोठी आहे. त्या खोडीचं नाव आरएनेज-एच. प्रत निघत असताना खालचा मूळ आरएनए ते कापत जातं. म्हणजे लिप्यंतर करता करता जाणकारानेच मूळ कागद कुरतडायचा! लांब कागद असेल तर तो पुरा होण्याआधीच तुकडे. एम-एमएलव्हीतही ही खोड आहे, जरा कमी.

म्हणून आता बहुतेक जण सुधारित एम-एमएलव्ही घेतात. त्यात बदल करून आरएनेज-एचची खोड काढून टाकलेली किंवा अगदी कमी केलेली असते आणि ते ५० ते ५५ अंशांपर्यंत तग धरतं. महाग असतं. मग साधं कधीच घेऊ नये का? तसंही नाही. तुकडा छोटा, आरएनए भरपूर आणि सरळ असेल तर साध्याने काम भागतं. कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला सगळ्यात महागडं विकर लागतंच असं नाही, आणि पैसे शेवटी पालकांच्याच खिशातून जातात.

वाचायला सुरुवात कुठून करायची

विकर आपणहून सुरुवात करू शकत नाही. त्याला बोट ठेवून जागा दाखवावी लागते. ते बोट म्हणजे प्रायमर. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथं करायला हवा, आणि तोच सगळ्यात कमी होतो. किटमध्ये जी बाटली आली ती ओतली, असं चालतं.

तीन प्रकार आहेत. पहिला ऑलिगो-डीटी. पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटाला ‘ए’ अक्षरांची लांब शेपटी असते. ऑलिगो-डीटी म्हणजे नुसत्या ‘टी’ अक्षरांचा छोटा तुकडा, तो त्या शेपटीला जाऊन चिकटतो. याने फक्त संदेश वाचले जातात, बाकीचा कचरा नाही. ‘कचरा’ म्हटलं खरं, पण पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त रायबोझोमचाच असतो, संदेश असतात जेमतेम काही टक्के. अडचण अशी, की वाचन कायम शेपटीकडून सुरू होतं. आरएनए मध्येच तुटला असेल तर सुरुवातीकडचा भाग हाताला लागतच नाही.

दुसरा प्रकार रँडम हेक्झामर, सहा सहा अक्षरांचे सगळ्या तऱ्हांचे तुकडे. ते कुठंही चिकटतात, त्यामुळे तुटका आरएनएही बराचसा वाचला जातो. पण मग रायबोझोमचंही लिप्यंतर होतं आणि गर्दी वाढते. तिसरा प्रकार नेमका प्रायमर, तुम्हाला हव्या त्याच जनुकासाठी बनवलेला. एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा उत्तम. दुसरा प्रश्न सुचला की पुन्हा पहिल्यापासून.

डेंग्यूचं उदाहरण घ्या, पावसाळ्यानंतर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. डेंग्यूच्या विषाणूच्या आरएनएला ‘ए’ची शेपटीच नसते. कोरोनाच्या विषाणूला असते. म्हणजे नुसतं ऑलिगो-डीटी घेऊन कुणी डेंग्यू शोधायला बसला तर विषाणू समोर असूनही तो नीट सापडायचा नाही. रसायन चांगल्या कंपनीचं होतं, तारीख उलटलेली नव्हती, यंत्रही नवंकोरं होतं, तरी निष्कर्ष चुकीचा. आमच्या विद्यार्थिनीच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं असंच झालं. त्याने तुलनेसाठी रायबोझोमचा १८एस आरएनए निवडला आणि लिप्यंतर केलं ऑलिगो-डीटीने. १८एसला शेपटी नसते. त्याच्या तुलनेचा पायाच रोज हलत होता, आणि तो बिचारा दोन महिने पिपेटला दोष देत बसला. पुष्कळ ठिकाणी ऑलिगो-डीटी आणि हेक्झामर मिसळून वापरतात, ते याचसाठी.

हाताचा घाम

आरएनए नाजूक का, याचं उत्तर दहावीच्या मुलांनाही समजतं. त्याच्या साखरेवर डीएनएपेक्षा एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो. तोच संधी मिळाली की शेजारचा दुवा तोडतो. त्यात भर म्हणजे आरएनेज ही आरएनए कापणारी विकरं आपल्या घामात, त्वचेवर, धुळीत सगळीकडे आहेत. त्यांतली काही इतकी चिवट, की साध्या उकळण्याने कायमची मरत नाहीत. थंड झाली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून हातमोजे, ते सारखे बदलणं, बर्फ, आरएनेजमुक्त पाणी, आणि मिश्रणात आरएनेजला धरून ठेवणारं रोधक. या रोधकावर पैसे वाचवू नयेत असं मला सगळ्यांनीच सांगितलं. आणि हातमोजा घालून मोबाइल उचलला की तो हातमोजा संपला, हेही.

नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंतच खरी शर्यत असते. आमच्या मुलीने वेल्ह्याच्या बाजूच्या एका शेतातून इंद्रायणी भाताची पानं घेतली. पाण्याचा ताण पडल्यावर त्यात एक जनुक किती जागं होतं, हा तिचा विषय. पहिल्या खेपेला पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यातून एसटीने नेली. तोडलेलं पान बर्फावरही काही काळ जिवंत असतं, आणि तोडल्याचा ताण त्याला पाण्याच्या ताणाइतकाच खरा वाटतो. जेलवर आरएनएच्या दोन स्वच्छ पट्ट्या दिसायला हव्यात, तिथं नुसता फराटा आला. दुसऱ्या खेपेला तिने आरएनए टिकवणारं द्रावण भरलेल्या नळ्याच शेतात नेल्या आणि पानाचे बारीक तुकडे करून तिथल्या तिथं बुडवले. द्रव नायट्रोजन मिळत असेल तर तेही चालतं, पण ते घेऊन एसटीत कोण चढू देणार.

नो-आरटी : ओळ सपाट हवी

आता तिच्या प्रसंगाकडे येते. दुसऱ्या खेपेचा आरएनए छान निघाला. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर २ च्या जवळ. सीडीएनए केला, पीसीआर केला. पाणी दिलेल्या रोपांत यंत्राने जनुक २७ व्या फेरीला दाखवलं, ताण दिलेल्या रोपांत २५ व्या. दोन फेऱ्या आधी म्हणजे चौपट. तुलनेचं जनुक दोन्हीकडे सारखं आलं होतं. ‘ताण पडला की जनुक चौपट जागं होतं’ असा तक्ता करून तिने विभागात सादरही केला.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, “नो-आरटी कुठे आहे?”

नो-आरटी म्हणजे सगळी रसायनं तीच, पाणी तेच, आरएनए तोच, फक्त लिप्यंतर करणारं विकर घालायचं नाही. जाणकार बसवलाच नाही तर छापखान्याकडे बाळबोध पान पोचायला नको, आणि आलेखाची ओळ सपाट राहायला हवी. सपाट राहिली नाही, तर नमुन्यात आधीपासूनच डीएनए मिसळलेला आहे. म्हणजे आपण टिपण वाचतोय असं समजून मूळ ग्रंथाचंच पान छापत होतो. आणि इथली मेख अशी, की ते २६०-२८० चं गुणोत्तर डीएनएची भेसळ पकडत नाही.

तिने नो-आरटी लावलं. पाणी दिलेल्या रोपांत ३५ व्या फेरीपर्यंत काहीच नाही. ताण दिलेल्या रोपांत मात्र २६ व्या फेरीला ओळ वर उचलली! विकरासकट २५, विकराशिवाय २६. एक फेरी म्हणजे दुप्पट, तेव्हा त्या नळीतला निम्मा उजेड डीएनएचा होता. हे गणित मी दहावीच्या वर्गाला घातलं. चौपटीतला निम्मा भाग भेसळीचा, तर उरलं किती? एका मुलीने लगेच सांगितलं, दुप्पट.

तुलनेचं जनुक या भानगडीतून कसं वाचलं, हेही मुलांनी विचारलं. त्याचे प्रायमर दोन एक्सॉनच्या सांध्यावर बसणारे होते. मूळ डीएनएत त्या दोन एक्सॉनच्या मध्ये इंट्रॉनचा तुकडा असतो, आरएनएत तो कापून टाकलेला असतो. त्यामुळे ते प्रायमर डीएनएवर बसतच नाहीत. तिच्या मुख्य जनुकाला अशी सोय नव्हती.

उपाय माहीत होता. आरएनएवर आधी डीएनेज चालवायचं, ते डीएनए खाऊन टाकतं. मग ते डीएनेज नीट निकामी करायचं, नाहीतर आपण बनवलेला सीडीएनएही ते खाईल. निकामी करायला ईडीटीए घालून तापवतात. ईडीटीए जास्त झालं तर मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि मॅग्नेशियमशिवाय लिप्यंतराचं विकर चालत नाही. एक सावरायला जावं तर दुसरं सुटतं. तिचे चार महिने गेले. फोनवर रडली. “मॅडम, चौपटचं पोस्टर लावून बसले होते हो सगळ्यांसमोर.”

तिची आताची पद्धत मी वहीत उतरवून घेतली आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांना उपयोग होईल. वीस मायक्रोलिटरचं मिश्रण. प्रत्येक नमुन्याचा आरएनए वजनाने सारखा घ्यायचा, एक मायक्रोग्रॅमपर्यंत. आरएनए, प्रायमर आणि डीएनएची चार सुटी अक्षरं एकत्र करून ६५ अंशांवर पाच मिनिटं, म्हणजे गाठी सुटतात. लगेच बर्फात, म्हणजे परत बसत नाहीत. मग बफर, रोधक आणि विकर. हेक्झामर असतील तर २५ अंशांवर दहा मिनिटं थांबायचं, कारण एवढे छोटे तुकडे गरम पाण्यात सुटून जातात. मग ५० अंशांवर तासभर, शेवटी ७० अंशांवर पंधरा मिनिटं विकर निकामी करायला. तयार सीडीएनए पीसीआरमध्ये एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घालायचा नाही. आधीच्या मिश्रणातली रसायनं पीसीआरला अडवतात. तापमान आणि वेळ आपल्या विकराच्या पत्रकाप्रमाणे बदलायची. आणि प्रत्येक खेपेला एक नो-आरटी, एक नुसत्या पाण्याची नळी.

तिने हे दोन टप्प्यांत केलं, कारण एकाच सीडीएनएतून तिला पुढे आणखी जनुकं बघायची होती. सीडीएनए उणे वीस अंशांवर राहतो. दवाखान्याच्या चाचणीत प्रश्न एकच असतो आणि नमुने हजारो. तिथं लिप्यंतर आणि पीसीआर एकाच बंद नळीत उरकतात. झाकण मध्ये उघडत नाही, त्यामुळे एका रुग्णाचा अंश दुसऱ्याच्या नळीत उडत नाही.

पुण्याने काय केलं होतं

३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण नोंदला गेला, तो नमुना तपासला होता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. ही संस्था १९५२ ला विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, १९७८ ला तिला आजचं नाव मिळालं. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले. तेव्हा किट बाहेरून येत होती. मार्चच्या २३ तारखेच्या सुमारास पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला मान्यता मिळाली, भारतात तयार झालेलं असं पहिलं किट. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या विषाणुशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले. दिवस भरत आलेले असताना त्यांनी सहा आठवड्यांत हे काम केलं, १८ मार्चला किट तपासणीसाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. ही गोष्ट वर्गात सांगताना बहुतेक जण मुलीच्या जन्मापाशी थांबतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त शिकवण्यासारखा वाटतो. एकाच नमुन्याच्या दहा चाचण्या केल्या तर दहाही निकाल सारखे यायला हवेत, हा त्यांचा आग्रह होता. सहा आठवड्यांची घाई असताना ही अट धरून बसणं सोपं नसतं.

नागपूरच्या नीरी या संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटाने वेगळीच वाट काढली. नाकात काडी घालायची नाही. मिठाच्या पाण्याने पंधरा सेकंद गुळण्या करून तेच पाणी नळीत द्यायचं. पुढे आरएनए वेगळा काढायचं महागडं किटही नाही, संस्थेच्या द्रावणात नमुना ठेवून तो तापवला की आरएनए मोकळा होतो आणि तो थेट आरटी-पीसीआरला. मे २०२१ मध्ये याला मान्यता मिळाली. खेड्यापाड्यासाठी ही केवढी सोय! पण यात तडजोड आहे हे लक्षात घ्या. शुद्ध न केलेल्या नमुन्यात लाळेतली नाना तऱ्हेची द्रव्यं तशीच असतात, तेव्हा त्यांच्या गर्दीतही न अडखळणारं विकर लागतं. एक रसायन वाचवलं की दुसऱ्यावरचा भार वाढतो.

आबांचं काय झालं असेल

पुढच्या पालकसभेला त्या वडिलांशी मी पुन्हा बोलले. आबांच्या पहिल्या चाचणीत नेमकं कुठं बिघडलं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. लागण होऊन दोनच दिवस झाले असतील आणि घशात विषाणूच पुरेसे नसतील. काडी नाकात नीट आतपर्यंत गेली नसेल. नमुना उन्हात राहून आरएनए तुटला असेल. किंवा होते ते थोडे विषाणू लिप्यंतरात निसटले असतील. यातल्या काही चुका पकडायची सोय चाचणीत असते. अनेक किटमध्ये विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचं स्वतःचं एक जनुकही बघतात, आरएनेज-पी नावाचं. तेसुद्धा आलं नाही, तर काडीवर माणसाच्या पेशी नव्हत्या किंवा रसायनं अडली. मग तो अहवाल निगेटिव्ह धरायचा नसतो, नमुना पुन्हा मागवायचा असतो. पण लवकर केलेल्या चाचणीवर या सोयीचा इलाज नाही.

“म्हणजे निगेटिव्ह म्हणजे नाही असं नाय,” ते म्हणाले. “निगेटिव्ह म्हणजे गावला नाय.”

हो, तसंच. मी हे वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.

वर्गात करून बघा

कागदाच्या पट्ट्यांवर आरएनए लिहून द्या : ए-यू-जी-जी-सी-यू. मुलांनी त्याचा सीडीएनए करायचा : टी-ए-सी-सी-जी-ए. बरीच मुलं सवयीने यू लिहितात, तिथं थांबा आणि विचारा. मग वीस अक्षरांच्या पट्ट्या द्या, त्यांच्या शेवटाला ए-ए-ए-ए-ए अशी शेपटी. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने कायम शेपटीकडून वाचायचं, दुसऱ्याने कुठूनही. आता सगळ्या पट्ट्या मधोमध फाडून पुन्हा वाटा आणि मूळ पट्टीच्या सुरुवातीची पाच अक्षरं दोन्ही गटांना विचारा. आमच्याकडे शेपटीवाला गट आधी भांडला, मग म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं तो तुकडाच नाही.” एका मुलाने पट्टी न बघता शेजारच्याची उत्तरं उतरवली होती. तिसऱ्या बाकावरची मुलगी ओरडली, “मॅडम, हा नो-आरटी!”

आमची एमएस्सीवाली परवा गावी आली होती. डीएनेज चालवून तिने सगळं पुन्हा केलं. नो-आरटीच्या ओळी आता सपाट आहेत आणि जनुक दुपटीच्या थोडं वर येतं. प्रबंधात तिने तेच घातलंय. चौपटचं जुनं पोस्टर गुंडाळून तिने शाळेला दिलं. आमच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या बाजूला ते लावलं आहे, खाली पेन्सिलने नो-आरटीची २६ वी फेरी लिहून.